उलटा छापलेला हात

चाकणच्या मार्केट यार्डाच्या मागे एक भिंत अजून उभी आहे. तिच्यावरचं पत्र्याचं छप्पर गेलं, दार गेलं, बाकीच्या भिंती गेल्या. जागेवर आता कुणीतरी गाड्या धुण्याचं दुकान काढलंय. ही एकच भिंत राहिली, कारण पलीकडच्या गोदामाला तिचा आधार आहे. मागच्या आठवड्यात एका कंपनीच्या गेटवर मला काही माणसांना भेटायचं होतं. शिफ्ट सुटायला अवकाश होता, म्हणून चालत तिकडे गेले. फेसाच्या पाण्यातून वाट काढत भिंतीपाशी पोचले आणि तिला हात लावला. खरखरीत. रंगावर रंग, त्यावर पुन्हा रंग. इथे साजिदची छपाईची शेड होती, आणि प्रत्येक छपाईनंतर रबराच्या पट्टीवर उरलेली शाई तो ह्याच भिंतीला पुसायचा. खालचे थर निळे, पिवळे, हिरवे. शाळांच्या प्रवेशाचे, धुण्याच्या पावडरीचे, लग्नाच्या वाढप्यांच्या टी-शर्टांचे. सगळ्यात वर लाल.

"मॅडम, गाडी कुठंय?" दुकानातल्या माणसाने विचारलं.

"गाडी नाही. भिंत बघायला आले."

त्याने भिंतीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पाइप पुन्हा टायरवर धरला.

त्या शेडचा वास मला आठवत नाही. तो येतो. मोशीच्या आमच्या घराखाली कुणी खिडकीच्या गजांना रंग देत असलं की थिनरचा भपकारा वर येतो आणि मी आपोआप त्यात कांदा शोधायला लागते. नुसत्या थिनरने काम होत नाही. साजिदच्या शेडमध्ये थिनरच्या पाठीला कांदा असायचाच. यार्डात लिलाव चालले की कांद्याची टरफलं वाऱ्यावर उडत यायची आणि दोरीवर वाळत घातलेल्या ओल्या पोस्टरांवर चिकटायची. साजिद चिमट्याने एकेक टरफल काढायचा आणि मार्केटला हिंदीतून शिव्या घालायचा. बाकी सगळं तो मराठीत बोलायचा. शिव्यांसाठी मात्र त्याला वडिलांची भाषा लागायची. वडील पाट्या रंगवायचे. ट्रकच्या मागच्या फळ्यांवर त्यांनी काढलेले मोर अजूनही नाशिक रस्त्यावर कुठेतरी धावत असतील.

आम्ही तेव्हा भुताचा सिनेमा करत होतो. दिग्दर्शक होता दिगंबर. चाकणजवळच्या गावातला, अर्धी जमीन रस्त्याला गेलेली, स्वतः एका छोट्या प्रेस शॉपमध्ये ऑपरेटर. तिथे पत्रा दाबून गाड्यांचे भाग बनतात. दिवसभर एकच आवाज, धाड्, धाड्, आणि माणूस घरी येऊन जेवायला बसला तरी तो आवाज ताटाशी येऊन बसतो. दिगंबर म्हणायचा, "राव, भूत धुंडायला पडक्या वाड्यात कशाला जायचं? आमच्या शॉपात हाय की. हजेरी लावून काम करतंय."

सिनेमाचं नाव 'अकरा नंबर'. अकरा नंबरच्या मशीनवर कुणी नसताना रोज सकाळी हाताचा एक ताजा ठसा उमटलेला सापडतो, एवढीच गोष्ट. फोनवर चित्रीकरण, आणि तेही फक्त गुरुवारी, कारण गुरुवारी त्या भागातले कारखाने बंद. दिगंबरच्या शॉपच्या मालकाने किल्ली दिली होती, का दिली ते देव जाणे. त्यामुळे आमचं भूत फक्त गुरुवारी दिसायचं. बाकीचे दिवस त्याला ड्युटी असायची.

ते भूत म्हणजे मारुती. लातूरकडचा, उंच, गालफडं बसलेली, डोळे इतके शांत की कॅमेरा जवळ नेला की आपल्यालाच कसंतरी व्हायचं. दिगंबरच्याच शॉपमध्ये तो आधी ऑपरेटर होता, नंतर पॅकिंगला. मधे काय झालं ते मी इथे लिहीत नाही. ते आईच्या पत्रकात लिहून झालेलं आहे. एवढंच सांगते की त्याच्या उजव्या हाताची मधली दोन बोटं नव्हती, आणि तो हात सहसा पँटच्या खिशात असायचा. सिनेमात त्याने हातमोजे घातले होते.

आईच्या पत्रकांबद्दलही सांगायला हवं. मी अक्षरं पत्रकांवर शिकले. शाळेतल्या पुस्तकात कमळ आणि बदक होतं. आमच्या घरी पलंगाखाली गठ्ठे होते आणि त्यांवर 'कामगार बंधू-भगिनींनो' असायचं. आई पिंपरीतल्या एका कारखान्यात पॅकिंगला होती आणि शिफ्ट बदलताना गेटवर पत्रकं वाटायची. मी तिच्या पदराचं टोक धरून उभी. माणसं सायकलवरून, नंतर मोटारसायकलवरून, न थांबता हात पुढे करायची आणि ती त्या हातात नेमका कागद ठेवायची. एक कागद खाली पडू द्यायची नाही. ओल्या शाईचा वास, गुलाबी नाहीतर पिवळा पातळ कागद, आणि संध्याकाळी आईच्या बोटांवर उरलेला काळा. मला वाटायचं सगळ्यांच्या आयांची बोटं अशीच असतात. अशा घरातून आल्यामुळे मला कुठल्याही कागदावर खोटं छापलेलं बघवत नाही. दिगंबर मला 'पत्रक' म्हणायचा. "ए पत्रक, जरा हळू. भुताचा सिनेमा हाय, मोर्चा न्हाई."

पोस्टर करायचं काम माझं आणि साजिदचं. पोस्टर, आणि एका मासिकाच्या दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ. ते मासिक आईच्या जुन्या साथीतले अण्णा चिंचवडच्या एका खोलीतून काढायचे. कामगार ते वाचायचे, निदान घ्यायचे. अण्णांनी शब्द दिला होता, चित्र पटलं तर मुखपृष्ठ सिनेमाला देईन.

त्या दिवसांइतकं भांडण मी नंतर कुणाशीच केलं नाही. आता भांडण होत नाही, लोक फोन ठेवून देतात. तेव्हा आम्ही जमिनीवर वर्तमानपत्र पसरून, त्यावर मांडी घालून, भेळ खात भांडायचो. दिगंबरला पोस्टरवर बाई हवी होती. पांढरी साडी, मोकळे केस, हातात दिवा.

"सिनेमात एक तरी बाई आहे का?" मी विचारलं.

"न्हाई."

"मग?"

"अगं, पण भूत म्हणल्यावर लोकं बाईच बघत्यात. मी न्हाई ठरवलं, मार्केटनं ठरवलंय."

"मार्केटने कांद्याचा भाव ठरवावा. माझी आई रोज अंघोळ करून केस मोकळे सोडते, तिला बघून तू कधी पळालास का?"

"तुझ्या आईला बघून सुपरवायझर पळायचे," साजिद म्हणाला, "पण त्याचं कारण केस नव्हते." आणि मारुती, जो अशा वेळी कोपऱ्यात पोस्टरच्या कोऱ्या कागदांचा गठ्ठा डाव्या हाताने नीट करत बसलेला असायचा, तो खांदे हलवून आवाज न करता हसायचा.

मी कवटी नाकारली. रक्ताचे ओघळ नाकारले. दात तर पहिल्याच दिवशी. माझं म्हणणं एवढंच होतं की भीती दाखवायची तर ती ज्या गोष्टीची खरोखर वाटते ती दाखवा. उगाच रबराचे दात दाखवून माणसाला फसवू नका. साजिद वैतागून म्हणायचा, "म्हणजे नक्की काय छापू ते सांग ना यार!" आणि ते मलाही माहीत नसायचं. नवरात्र आलं तरी कागद कोराच होता.

मग खंडेनवमी आली. त्या पट्ट्यात खंडेनवमीला कारखाने ओळखू येत नाहीत. सकाळपासून मशीन पुसून घेतात, तेलाचे जुने थर खरवडतात, झेंडूच्या माळा घालतात, स्पॅनर आणि हातोड्या पाटावर मांडतात. वर्षभर नुसतं तेल आणि तापलेलं लोखंड हुंगणाऱ्या जागेला एक दिवस फुलांचा, उदबत्तीचा आणि पेढ्यांचा वास येतो. बायका-मुलं येतात, बापाचं मशीन बघतात. दिगंबरच्या शॉपमध्ये एक चाल होती: ज्याचं मशीन, त्याने त्याच्या अंगावर ओल्या कुंकवाचा पंजा उमटवायचा. मालक नारळ फोडणार, पंजा मात्र चालवणाऱ्याचाच.

मी आणि साजिद शॉपमधली पूजा बघायला म्हणून गेलो होतो. एकेकाने पंजे उमटवले. अकरा नंबरवर तेव्हा बिहारकडचा एक नवीन माणूस होता. त्याने कुंकवाची परात उचलली आणि ती मारुतीपुढे धरली. "भैया, आप ही लगाओ. मशीन तो आपकी है."

मारुतीने इकडेतिकडे पाहिलं. मग खिशातून हात काढला, परातीत बुडवला आणि मशीनच्या बाजूवर ठेवला. दाबून, जरा जास्तच वेळ. काढला तेव्हा हिरव्या रंगाच्या लोखंडावर लाल ठसा होता: अंगठा, तर्जनी, करंगळी. आणि मधे खिडकी उघडी राहावी तशी मोकळी जागा.

साजिदने माझ्याकडे पाहिलं. दिगंबरने फोटो काढला. पोस्टर मिळालं होतं, आणि ते तिघांनाही एकाच क्षणी कळलं होतं.

मारुतीला सांगितलं त्या दिवशी त्याने आधी सगळं ऐकून घेतलं. नंतर म्हणाला, "ताई, माझ्या लग्नाचं बोलणं चालू हाय."

मुलगी त्याच्याच भागातली. मुलीचे मामा चाकणला एका कंपनीत गोदामावर होते आणि ते चौकशी करणार होते. लग्नाआधी मुलाची चौकशी होते ती अशीच. कुणी घरी येऊन विचारत नाही. कंपनीच्या गेटसमोरच्या टपरीवर चहा घेतात आणि सहज म्हणून विचारतात, तो अमका कसा आहे हो? मारुतीने घरी कळवलेलं होतं, हाताला थोडं लागलं होतं, आता बरं आहे.

"त्या मामाच्या बसथांब्यावरच तुमचं पोस्टर लागंल," तो म्हणाला. "म्हणजे मीच जाऊन सांगितल्यासारखं."

"पण मशीनवर तर तू सगळ्यांसमोर लावलास पंजा."

"मशीनपुढं कशाची लाज? तिनंच तर घेतलीत." त्याने हात पुन्हा खिशात घातला. "पाच बोटं काढा ना ताई. तुम्हाला काय, पेनानं दोन रेघा जास्तीच्या."

मला राग आला. मारुतीचा नाही; कुणाचा ते नीट सांगता येणार नाही. ज्या जगात बोटं घेणारा उजळ माथ्याने फिरतो आणि बोटं गेलेला खिशात हात लपवतो त्या जगाचा असेल. दोन रेघा जास्तीच्या काढायच्या आणि सगळं ठीक आहे म्हणून छापायचं, हेच तर सगळे करत होते. मी तावातावाने घरी आले आणि आईला म्हटलं, हा ठसा छापलाच पाहिजे, ह्याच्याइतकं खरं पोस्टर ह्या रस्त्यावर कधी लागलेलं नाही.

आई मेथी निवडत होती. तिने मान वर केली नाही. "पत्रकात ज्याचं दुखणं लिहायचं, त्याला आधी वाचून दाखवायचं. असं होतं आमच्यात."

"आणि तो नको म्हणाला तर?"

"फाडायचं."

"खरं असलं तरी?"

"खरं असलं तरी. दुखणं त्याचं, कागद आपला. कागद दुसरा मिळतो." मग जुडीचा दोरा सोडवत म्हणाली, "पण दाखवल्याशिवाय नको म्हणाला असेल, तर आधी दाखव. माणूस ऐकून एक बोलतो, बघून दुसरं."

म्हणून आम्ही एकच प्रत काढायची ठरवलं. दाखवायला. तो नको म्हणाला तर छपाईची जाळी धुऊन टाकायची, हे मी साजिदकडून कबूल करून घेतलं.

ती दुपार मला पुरी हवी आहे परत. दसऱ्यानंतरचं कडक ऊन, शेडचं तापलेलं छप्पर, त्यावर ठेवलेली लाकडी चौकट. चौकटीवर ताणलेलं बारीक जाळीचं कापड, त्याला उन्हात घट्ट होणारं द्रावण लावलेलं, आणि वर पारदर्शक कागदावर काळ्यात काढलेला पंजा. ऊन लागेल तिथली जाळी बुजते. काळ्याखालची मोकळी राहते. साजिद ऊन मोजायला घड्याळ वापरायचा नाही. एक गाणं गुणगुणायचा, ते संपलं की चौकट उचलायची. मग पाण्याची धार सोडायची, आणि धारेखाली तो पंजा हळूहळू उघडायचा, जणू कुणी पलीकडून काचेवर हात ठेवतंय. मला त्या सिनेमातलं काहीच कधी भीतीदायक वाटलं नाही. त्या उघडणाऱ्या हाताने मात्र अंगावर काटा आला.

लाल शाई ओतली. रबराची पट्टी खर्रर्र करून खाली आली. मग दुसऱ्या चौकटीतून पांढरी अक्षरं. दिगंबर फुंकर घालत राहिला आणि साजिद त्याला म्हणत राहिला, "थुंकी उडव अजून, थुंकी उडव."

मारुती पॅकिंगची शिफ्ट संपवून आला. बूट बाहेर काढले, जसा तो देवळात काढायचा. पोस्टरसमोर उभा राहिला. काळ्याभोर कागदाच्या मधोमध तो लाल पंजा, तीन बोटांचा, बाकी काही नाही. खाली 'अकरा नंबर'. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होते. आता तो काय म्हणेल ते मला मान्य करावं लागणार होतं.

त्याने खिशातून हात काढला आणि कागदाजवळ नेला. पुन्हा मागे घेतला. पुन्हा नेला.

"ताई, ह्याचा अंगठा हिकडं कसा?"

आम्ही पाहिलं. मारुतीचा उजवा हात, अंगठा डावीकडे. कागदावरच्या हाताचा अंगठा उजवीकडे. साजिदने कपाळावर हात मारला. पंजाचा कागद त्याने चौकटीवर पालथा ठेवला होता. अक्षरांच्या बाबतीत असं झालं की लगेच कळतं, उलटं 'अ' आंधळ्यालाही दिसतं. पण हात उलटा झालेला कळत नाही. हात उलटाही हातच दिसतो. उजवा होता, डावा झाला होता.

"बाप असता तर कानाखाली मारली असती," साजिद म्हणाला. "थांबा, जाळी धुतो. उद्या परत करतो."

"राहू द्या," मारुती म्हणाला.

"अरे, चुकलंय ते!"

"चुकलंय म्हणूनच म्हणायलो." त्याने आपला डावा हात, सगळी बोटं शाबूत असलेला, त्या ठशावर धरून बघितला आणि त्याला हसू फुटलं. "हा माझा न्हाई की ओ. माझा डावा चांगला हाय. हा कुणाचाबी आसंल. छापा."

"नक्की?" मी विचारलं. "मी पाच बोटं काढायलाही तयार आहे. फाडायलाही."

"छापा म्हनलं ना ताई. कितीदा विचारायलीस?"

घरी आईला सगळं सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "आम्ही नाव बदलायचो. तुम्ही हात बदललात."

अण्णांना मुखपृष्ठ दाखवायला गेले तर ते चष्मा वर-खाली करत राहिले. त्यांच्या दिवाळी अंकावर वर्षानुवर्षं आवळलेली मूठ असायची. "दिवाळीत भूत? वाचक काय म्हणतील?"

"अण्णा, दर वर्षी तुम्ही मूठ छापता. मी तीच मूठ उघडून दाखवलीय फक्त."

ते बराच वेळ त्या पंजाकडे बघत बसले. मग छपाईवाल्याला फोन लावून म्हणाले, लाल जरा गडद घ्या. चिंचवडच्या पुस्तकांच्या दुकानात तो अंक लागला तेव्हा मी मुद्दाम बघायला गेले. दोरीवर ओळीने दिवाळी अंक: नथ घातलेल्या, पणत्या धरलेल्या, दात दाखवणाऱ्या बायका, आणि त्यांच्या मधे आमचा काळा अंक, तीन बोटांनी 'थांबा' म्हणणारा. दुकानदार म्हणाला, हा कुणी उचलत नाही, पण ठेवून जाताना बघतो प्रत्येक जण. एवढ्या शब्दांवर मी दिवाळी काढली.

पोस्टरं आम्ही स्वतः चिकटवली. खळीचा डबा, कुंचा, साजिदची खडखडणारी स्कूटर. कंपन्यांच्या बसथांब्यांवर, टपऱ्यांच्या पत्र्यांवर, आळंदी फाट्यापर्यंत. आणि मग जे झालं ते आमच्यापैकी कुणीच ठरवलं नव्हतं. लोक त्यावर हात ठेवून बघायला लागले. बसची वाट बघताना, चहा थंड होईपर्यंत, सहज. डावा हात ठशावर ठेवायचा, दोन बोटं मुडपायची, हसायचं, काढायचा. ग्रीसचे, तेलाचे, तंबाखूचे हात. दोन-चार दिवसांत आमचा लाल पंजा काळपट झाला. मग काही असे हात यायला लागले ज्यांना बोटं मुडपावी लागत नव्हती. साजिदच्या शेडवर एक वयस्कर फिटर आले आणि डावा हात पुढे करून म्हणाले, "का रं, माझा फोटो मला न विचारता छापला व्हय?" साजिद शाईचे हात पुसत पुढे आला. मग त्यांनीच त्याच्या पाठीत धपाटा घातला आणि विचारलं, "सिनेमा कवा हाय?"

आज त्या रस्त्यांवर फ्लेक्स आहेत. वाढदिवसाचे, अभिनंदनाचे, भावी आणि माजी चेहऱ्यांचे. त्यांच्यावर कुणी हात ठेवून बघत नाही, ठेवावासा वाटेल असं त्यांत काही नसतंच. साजिद आता ठाण्याला मोठ्या यंत्रावर तसलेच फ्लेक्स काढतो; बटण दाबलं की चेहरा बाहेर. फोनवर म्हणाला, "हाताला शाईच लागत नाही यार, कामावरून आल्यासारखं वाटत नाही." दिगंबर गिऱ्हाइकांना जमिनीचे प्लॉट दाखवतो, आणि दुसरा सिनेमा लिहितोय असं दर दिवाळीला सांगतो. मारुती गावाकडे आहे, पिठाची गिरणी चालवतो, त्याची मुलगी पहिलीत गेली. मी लिहिते. अजून भांडते, पण समोर भेळ नसते. मला तो सिनेमा परत करायचा नाही. तो तसा फारसा चांगलाही नव्हता. आळंदीच्या एका विद्यार्थ्याचा पखवाज संथ करून लावलेला, तेवढंच काय ते अंगावर यायचं. मला हवे आहेत ते चार जण, एका कागदाभोवती वाकलेले, चौघांच्याही श्वासाला थिनरचा वास.

सिनेमा दाखवला तो गुरुवार होता, अर्थातच. दुपारी, दिगंबरच्या त्याच बंद शॉपमध्ये, खिडक्यांना काळं कापड लावून. माणसं पुठ्ठ्यांवर बसली होती. आईसुद्धा आली होती, पहिल्या रांगेत, पदर खोचून, जणू सभाच आहे. संपल्यावर सगळे डोळे चोळत उन्हात आले. शटरवर पोस्टर होतं. समोर टपरी. नेहमीसारखी लोकांनी पोस्टरभोवती गर्दी केली आणि हात ठेवून बघायला लागले.

दिगंबरने माझा दंड धरला. "त्यो बघ. निळा शर्ट. मामा."

मुलीचे मामा टपरीच्या बाकावर बसून चहा पीत होते. चौकशीला आले होते. कुणाला काय विचारलं होतं माहीत नाही. मारुतीनेही त्यांना पाहिलं होतं. त्याचा उजवा हात खिशात होता. माझ्या मनात आलं, आपण पोस्टर काढून टाकू या, आत्ता, ह्या क्षणी. इतकी मी, पत्रकांवर वाढलेली, त्या दिवशी घाबरले होते. भुताच्या सिनेमाने नाही. एका चहा पिणाऱ्या साध्या माणसाने.

पोस्टरपाशी एक जण दुसऱ्याला म्हणत होता, "उजवा बसत न्हाई रे ह्याच्यावर, डावाच पायजे."

"बसतो की," मारुती म्हणाला.

तो पुढे झाला. माणसं बाजूला सरकली. त्याने हात खिशातून काढला, आणि तळवा कागदावर न ठेवता हाताची पाठ कागदाला लावली. अंगठ्यावर अंगठा, करंगळीवर करंगळी. बरोबर बसला. पाठ पोस्टरला आणि उघडा तळवा आम्हा सगळ्यांकडे. त्याने तो तसाच धरून ठेवला, खंडेनवमीला मशीनवर ठेवला होता तसा, जरा जास्तच वेळ. मान वळवून त्याने निळ्या शर्टाकडे पाहिलं.

"बघून घ्या मामा. चौकशी कशाला करता, मीच सांगतो. असा हाय."

मामांनी चहा संपवला, पेला बाकावर ठेवला, "येतो" म्हणाले, कुणाला ते कळलं नाही, आणि रस्ता ओलांडून गेले. त्या घरून पुन्हा निरोप आला नाही. ते त्या दुपारीच आम्हाला कळलं होतं, त्यांच्या चालण्यावरून.

दिगंबरचा चेहरा उतरला. "भावा, आमच्यामुळं..."

"तुमच्यामुळं काय? खिशात हात घालून संसार होतो व्हय कुठं? जेवायचं कसं, पोरगं उचलायचं कसं?" मारुती बाकावर बसला, मामा उठले होते त्याच जागेवर. आईने त्याच्या शेजारी बसून पदराने वारा घ्यायला सुरुवात केली. मला रडू येत होतं आणि ते दिसू नये म्हणून मी पोस्टरचा सुटलेला कोपरा उगाच दाबत बसले.

मारुतीने टपरीवाल्याकडे बघून हात वर केला, उजवा, पंजा पुरा उघडून. टपरीवाल्याने आधणात साखर टाकता टाकता नजर टाकली.

"तीन चहा?"

"पाच दे रे," मारुती म्हणाला. "दोघं रजेवर हायत."

सगळ्यात आधी आई हसली.